छोटे शब्द, मोठा घोळ : इंग्रजी क्रियापदे आणि पदक्रम

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीकडून बोरिवलीच्या उमेदवाराला निरोप येतो : 'द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ. वी विल गेट बॅक टू यू.' निरोपातला प्रत्येक शब्द त्याला शाळेपासून ठाऊक असतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे बंद. दोहोंची बेरीज करून मुलाखत रद्द झाली, असा अर्थ तो काढतो आणि त्या नोकरीचा नाद सोडतो. प्रत्यक्षात मुलाखत फक्त पुढे ढकललेली असते. ती रद्द झाली असती, तर निरोपात 'पुट ऑफ'ऐवजी 'कॉल्ड ऑफ' आले असते. दुसऱ्या वाक्यातील 'गेट बॅक टू यू' म्हणजे 'आम्ही आपणांस नंतर कळवू'. तेव्हा वाट पाहणे हेच योग्य ठरले असते.

हा प्रसंग कल्पित असला, तरी अशी गफलत दुर्मीळ नाही. व्याकरणाचे काळ पाठ आहेत, शब्दसंग्रह पुरेसा आहे, लेखी परीक्षेत गुणही बरे आहेत. तरीही कार्यालयातील साधे संभाषण आणि दोन ओळींचा ई-मेल यांपाशी अनेक मराठी माध्यमाचे विद्यार्थी अडखळतात. त्यामागे बहुधा दोन कारणे असतात. पहिले म्हणजे 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ओव्हर' असे छोटे शब्द क्रियापदाला चिकटून त्याचा अर्थ पालटतात. अशा जोडीला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. दुसरे कारण वाक्यातील शब्दांची जागा, म्हणजेच पदक्रम. वरवर वेगळ्या वाटणाऱ्या या दोन अडचणी मुळात एकच आहेत. मराठीत जे काम प्रत्यय करतात, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते. हे सूत्र समजले की दोन्ही गाठी सैल होऊ लागतात.

अडचण जुनीच

स्वातंत्र्यानंतर काही वर्षे मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपासून होत असे. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीवर आला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून शिकवण्यास सुरुवात झाली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे 'सेमी इंग्लिश' वर्गही रुळले. इंग्रजीची वर्षे वाढली, पण शिकवण्याची मूळ रीत बराच काळ भाषांतराचीच राहिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी घरांतील कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. नंतरच्या पिढीने कपिल देवच्या जाहिरातीमुळे घरोघरी पोहोचलेला 'रॅपिडेक्स इंग्लिश स्पीकिंग कोर्स' उशाशी ठेवला. या पुस्तकांचे उपकार मोठे आहेत. परंतु शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करण्याची सवय फ्रेझल व्हर्बपाशी हमखास दगा देते, कारण तेथे दोन शब्द मिळून एकच अर्थ होतो.

ही अडचण केवळ मराठी माणसाची नाही. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध केला. क्रियापदाला लहानसा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक अवघड जाते, असे त्याने प्रस्तावनेतच नमूद केले होते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच नंतरची. ती लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून प्रचारात आली. ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ती सुचवल्याचे स्मिथ यांनीच सांगितले आहे.

'आहार', 'प्रहार' आणि 'खाऊन टाकणे'

मराठी वाचकाला ही रीत वाटते तितकी परकी नाही. संस्कृतातील 'हृ' हा एकच धातू घ्यावा. त्याला 'आ' जोडला की आहार, 'प्र' जोडला की प्रहार, 'सं' जोडला की संहार, 'वि' जोडला की विहार आणि 'परि' जोडला की परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असे जुने वैयाकरण सांगत. 'लुक'ला 'आफ्टर' जोडला की सांभाळणे, 'फॉर' जोडला की शोधणे, 'इंटू' जोडला की चौकशी करणे, 'अप' जोडला की शब्दकोशात किंवा यादीत पाहणे आणि 'डाउन ऑन' जोडला की तुच्छ लेखणे हे अर्थ होतात. खेळ तोच आहे. संस्कृतात तो शब्द धातूच्या आधी येतो, इंग्रजीत नंतर. शिवाय वैदिक भाषेत उपसर्ग आणि क्रियापद यांच्यामध्ये इतर शब्द येऊ शकत. पाणिनीने त्याची स्वतंत्र नोंद केली आहे. इंग्रजीतील 'पिक इट अप' मध्ये 'इट' जसे मध्येच बसते, त्याच्याशी हे साम्य लक्षणीय आहे.

रोजच्या मराठीत तर याहून जवळचे उदाहरण आहे. 'कर' या क्रियापदाची 'करून टाक', 'करून ठेव', 'करून दे', 'करून घे', 'करून बस' ही रूपे पाहावीत. मूळ कृती एकच. परंतु दुसरे क्रियापद तिला वेगळी छटा देते. 'करून टाक' मध्ये एकदाचे संपवण्याचा भाव आहे, 'करून ठेव' मध्ये पुढची तयारी आहे, 'करून दे' मध्ये दुसऱ्यासाठी केलेले काम आहे आणि 'करून बसला' मध्ये पश्चात्ताप आहे. येथे 'टाक' म्हणजे फेकणे किंवा 'बस' म्हणजे खाली बसणे, असा अर्थ कोणीही मराठी माणूस घेत नाही. मराठी शिकणाऱ्या परप्रांतीयाला मात्र हे कोडेच वाटते. 'भूक लागली', 'ठेच लागली', 'नोकरी लागली', 'बस लागली' आणि 'जावे लागले' यांतील 'लाग'चा अर्थ त्याला कसा समजवावा, हा प्रश्न घाटकोपर-मुलुंडच्या अनेक गुजराती-मराठी शेजाऱ्यांनाही पडलेला असेल. इंग्रजीतील 'गेट' हे क्रियापद नेमके या 'लाग'सारखे आहे. त्याला एक अर्थ नाही. सोबत कोण आहे, त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

विभक्तीचे काम जागा करते

'रामाने रावणाला मारले' या वाक्यातील तीन शब्द कोणत्याही क्रमाने मांडावेत. 'रावणाला रामाने मारले', 'मारले रामाने रावणाला', असे सहाही क्रम मराठीत चालतात. भर कशावर आहे तेवढे बदलते. मेला कोण, याविषयी शंका उरत नाही. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले असल्याने शब्द कोठेही गेला तरी आपली ओळख सोबत नेतो.

आधुनिक इंग्रजीत नामांना असे प्रत्यय उरलेले नाहीत. 'राम किल्ड रावण' या वाक्यात राम कर्ता आहे, तो केवळ क्रियापदाच्या आधी उभा आहे म्हणून. जागांची अदलाबदल होऊन 'रावण किल्ड राम' झाले, तर रामायणच उलटे होते. म्हणून इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म हा क्रम सांभाळावा लागतो. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि ऐकणारा तोपर्यंत थांबतो. इंग्रजी ऐकणाऱ्याला क्रियापद लवकर हवे असते.

या मूळ फरकातून नेहमीच्या चुका निपजतात. त्यांपैकी पाच वारंवार आढळतात.

पहिली प्रश्नाची. मराठीत प्रश्न करताना शब्दांची उलटापालट करावी लागत नाही. 'का', 'कोठे' किंवा 'कधी' घातले की काम भागते. त्यामुळे 'व्हाय यू आर लेट?' असे वाक्य तोंडात येते. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते : 'व्हाय आर यू लेट?'

दुसरी चूक याच्या नेमकी उलट. वरचा नियम घोटल्यावर तो नको तेथेही लावला जातो. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द स्टेशन?' हे वाक्य उपनगरात सर्रास ऐकू येते. येथे प्रश्न 'कॅन यू' पाशीच विचारून झालेला असतो. पोटवाक्य साध्या क्रमानेच हवे : 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?'

तिसरी चूक 'च' आणि 'सुद्धा' यांची. 'मी कालच आलो' याचे 'आय केम यस्टरडे ओन्ली' होते, कारण मराठीत 'च' शब्दाच्या मागे लागतो. प्रमाण इंग्रजीत 'ओन्ली' बहुधा त्या शब्दाच्या आधी येतो : 'आय केम ओन्ली यस्टरडे.'

चौथी 'जरी-तरी'ची. मराठीला दोन्ही टोके बांधावी लागतात. इंग्रजीला एकच पुरते. 'दो इट वॉज रेनिंग, बट द ट्रेन्स वेअर रनिंग' या वाक्यातील 'दो' आणि 'बट' यांपैकी एकाला सुटी द्यावी.

पाचवी काळ आणि स्थळ यांची. 'मी उद्या मुलुंडला जाणार आहे' या वाक्यात काळ आधी, स्थळ नंतर येते. इंग्रजीत साधारणपणे स्थळ आधी आणि काळ नंतर : 'आय ॲम गोइंग टू मुलुंड टुमॉरो.' नेहमीपणा दाखवणारे 'ऑल्वेज', 'ऑफन', 'नेव्हर' हे शब्द मात्र कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्यामध्ये बसतात : 'आय ऑल्वेज टेक द स्लो लोकल.' वाक्यात 'इज', 'आर' असतील, तर ते त्यांच्यानंतर जातात : 'द ट्रेन इज ऑल्वेज क्राउडेड.'

'इट' मध्येच बसते

फ्रेझल व्हर्बमध्येही जागेचाच प्रश्न येतो. क्रियापद आणि त्याला जोडलेले अव्यय यांच्यामध्ये कर्म घालता येते की नाही, यावरून त्यांचे चार गट पडतात.

१) कर्म नसलेली. 'द बस ब्रोक डाउन' म्हणजे बस बंद पडली. 'ही डिड नॉट टर्न अप' म्हणजे तो आलाच नाही. 'द प्लेन टुक ऑफ' म्हणजे विमानाने उड्डाण केले. येथे कर्मच नसल्याने जागेचा पेच पडत नाही.

२) फोडता येणारी. 'टर्न ऑन', 'पिक अप', 'फिल इन', 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'थ्रो अवे' ही या गटातील. कर्म लहान नाम असेल, तर ते मध्ये किंवा नंतर कोठेही चालते : 'टर्न ऑन द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑन' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. कर्म लांबलचक असेल, तर ते शेवटीच ठेवावे. कर्म 'इट', 'देम', 'हिम', 'हर', 'मी' असे सर्वनाम असेल, तर मात्र ते मध्येच यावे लागते. 'टर्न इट ऑन' बरोबर, 'टर्न ऑन इट' चूक. 'आय विल पिक अप यू फ्रॉम अंधेरी' हे वाक्य व्यवहारात चालून जाते. परंतु बरोबर वाक्य 'आय विल पिक यू अप फ्रॉम अंधेरी' असे आहे. संपूर्ण विषयातला एकच नियम लक्षात ठेवायचा झाला, तर हा ठेवावा.

३) न फुटणारी. 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'रन इंटू', 'गेट ओव्हर', 'कॉल ऑन' ही कधी तुटत नाहीत. सर्वनाम असले, तरी ते शेवटीच येते : 'शी लुक्स आफ्टर देम.'

४) तीन शब्दांची. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे, 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळचे संपणे, 'कॅच अप विथ' म्हणजे मागून जाऊन गाठणे, 'लुक फॉरवर्ड टू' म्हणजे उत्सुकतेने वाट पाहणे. ही तिन्ही पदे एकत्रच राहतात. शेवटच्या उदाहरणात आणखी एक मेख आहे. 'लुक फॉरवर्ड टू' नंतर 'मीट' नव्हे, 'मीटिंग' येते. नोकरीच्या अर्जाचा शेवट 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' असा केला जातो, तेव्हा शेवटच्याच ओळीत ठसठशीत चूक राहते.

दुसरा आणि तिसरा गट कसा ओळखावा, यासाठी व्याकरणाच्या वर्गांत एक जुनी जोडी सांगितली जाते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कोणी कान्हेरीची टेकडी धावत चढला, तर 'ही रॅन अप द हिल'. उपाहारगृहात त्याने मोठे बिल करून ठेवले, तर 'ही रॅन अप अ बिल'. दिसायला वाक्ये सारखीच. पण 'ही रॅन अ बिल अप' चालते आणि 'ही रॅन द हिल अप' चालत नाही. पहिल्या वाक्यात 'अप' टेकडीचा आहे, दुसऱ्यात तो 'रॅन'चा आहे. कानालाही फरक कळतो. फुटणाऱ्या क्रियापदात जोर अव्ययावर येतो, म्हणजे 'पिक इट अप' म्हणताना 'अप' ठळक उच्चारतात. 'लुक ॲट इट' मध्ये जोर 'लुक'वर असतो.

अव्ययांचे स्वभाव

प्रत्येक फ्रेझल व्हर्ब सुटे पाठ करण्याऐवजी अव्ययांचे स्वभाव ओळखावेत. सर्वच अर्थ त्यांतून लागत नाहीत. परंतु बरेच लागतात.

'अप' पुष्कळदा पूर्णता दाखवतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे. मराठीतील 'टाक' येथे नेमका बसतो. 'ऑन' चालू राहण्याचा भाव देतो. 'ही वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे तो बोलतच राहिला. हे मराठीतील 'राह'. 'डाउन' कागदावर उतरवणे किंवा कमी करणे दाखवतो : 'राइट डाउन' म्हणजे लिहून घेणे, 'कट डाउन' म्हणजे कपात करणे. 'आउट' शोधून काढणे किंवा संपणे सुचवतो : 'फाइंड आउट', 'रन आउट'. 'ऑफ' मध्ये तुटण्याचा किंवा दूर जाण्याचा भाव आहे : 'कट ऑफ', 'सेट ऑफ', 'टेक ऑफ'. 'बॅक' म्हणजे परत : 'पे बॅक', 'कॉल बॅक'. 'ओव्हर' मध्ये पुन्हा किंवा पलीकडे जाणे आहे : 'थिंक ओव्हर' म्हणजे पुन्हा विचार करणे, 'गेट ओव्हर' म्हणजे आजार किंवा दुःख यांतून बाहेर पडणे.

'पुट आउट' आणि 'पुट ऑफ' यांची गल्लत होऊ नये. आग 'पुट आउट' करतात, बैठक 'पुट ऑफ' करतात, चष्मा 'पुट ऑन' करतात आणि पाहुण्याला घरी 'पुट अप' करतात. शेजाऱ्याचा मोठ्याने लावलेला टीव्ही मात्र 'पुट अप विथ' करावा लागतो.

लोकलमधून उतरताना

'आर यू गेटिंग डाउन ॲट घाटकोपर?' हा प्रश्न गर्दीच्या डब्यात रोज विचारला जातो आणि सर्वांना समजतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस मात्र 'गेटिंग ऑफ' म्हणेल. त्याच्या कानाला 'गेट डाउन' म्हणजे झाडावरून किंवा शिडीवरून खाली येणे, अथवा खाली वाकणे. यामागे एक साधा नियम आहे. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, त्यात 'गेट ऑन' आणि त्यातून 'गेट ऑफ'. म्हणजे लोकल, बेस्टची बस, आणि २०१४ साली सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो. ज्यात वाकून शिरावे लागते, त्यात 'गेट इन' आणि त्यातून 'गेट आउट ऑफ'. म्हणजे मोटार, टॅक्सी आणि उपनगरांची हक्काची रिक्षा.

'ऑन द फॅन' आणि 'ऑफ द लाइट' या प्रयोगांचे मूळ थेट मराठी-हिंदी बोलण्यात आहे. घरात 'फॅन ऑन कर', 'लाइट ऑफ कर' असे म्हटले जाते. त्यातील 'कर' इंग्रजीत नेताना गळून पडतो आणि बिचारा 'ऑन' क्रियापदाच्या जागी एकटाच उभा राहतो. 'टर्न' किंवा 'स्विच' हा सोबती त्याला परत द्यावा.

अर्ज भरताना 'फिल अप द फॉर्म' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ब्रिटिश 'फिल इन' म्हणतात, अमेरिकन 'फिल आउट'. 'फिल अप' त्यांच्याकडे पेट्रोलच्या टाकीसाठी अधिक वापरतात. 'आय पास्ड आउट इन २०१०' म्हणजे भारतात पदवी मिळाली. परदेशी ऐकणाऱ्याला क्षणभर वाटते, की हा २०१० साली बेशुद्ध पडला. तेथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणणे सुरक्षित. 'कोप अप विथ' मधील 'अप' आणि 'डिस्कस अबाउट' मधील 'अबाउट' हे दोन्ही अनावश्यक आहेत : 'कोप विथ' आणि नुसते 'डिस्कस' पुरेसे. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' ही तर द्विरुक्तीच. 'परत' तेथे आधीच आलेले असते.

सगळ्याच चुका नव्हेत

येथे एक भान ठेवणे आवश्यक आहे. लंडनला जे बोलत नाहीत, ते सर्व चूक असे नव्हे. मीटिंग अलीकडे घेण्यासाठी भारतीयांनी घडवलेला 'प्रीपोन' हा शब्द आज इंग्लंडमध्ये छापल्या जाणाऱ्या शब्दकोशांतही आढळतो. तेथील बोलण्यात त्यासाठी 'ब्रिंग फॉरवर्ड' हे फ्रेझल व्हर्ब रूढ आहे. कवी निस्सीम इझिकेल यांनी १९६१ ते १९७२ या काळात विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी विभागाचे प्रमुखपद सांभाळले. 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत त्यांनी भारतीय इंग्रजीचा लहेजा टिपला आहे. त्या इंग्रजीची थट्टा त्यात आहे, तसा तिचा कानही आहे.

म्हणून भेद असा करावा : 'गेट डाउन', 'फिल अप', 'पास आउट' हे भारतीय वळण आहे. आपसांत त्यात काही वावगे नाही; परदेशी ग्राहकाशी किंवा वरिष्ठाशी बोलताना दुसरे रूप ठाऊक असावे, एवढेच. 'टर्न ऑन इट' किंवा 'व्हाय यू आर लेट' या मात्र रचनेच्या चुका आहेत आणि त्या सुधाराव्यात. सीप्झपासून मालाडच्या माइंडस्पेसपर्यंत पसरलेल्या कार्यालयांत परदेशी ग्राहकांशी बोलणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने हा भेद पोटापाण्याचा आहे. कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस 'इन्व्हेस्टिगेट' म्हणत नाही. तो 'लुक इंटू' म्हणतो.

'पुढे ढकलणे' आणि 'स्थगित करणे'

मराठीत 'विझवणे' आणि 'शमवणे', 'पुढे ढकलणे' आणि 'स्थगित करणे' अशा जोड्या आहेत. एक घरातला शब्द, दुसरा संस्कृतातून आलेला भारदस्त. इंग्रजीतही असेच आहे. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची तेथे भर पडत गेली. त्यामुळे 'पुट ऑफ' शेजारी 'पोस्टपोन', 'पुट आउट' शेजारी 'एक्स्टिंग्विश', 'फाइंड आउट' शेजारी 'डिस्कव्हर' आणि 'पुट अप विथ' शेजारी 'टॉलरेट' नांदतात. भारतीय विद्यार्थी इंग्रजी पुस्तकातून शिकतो. म्हणून त्याला भारदस्त शब्द आधी भेटतात आणि घरगुती शब्द उशिरा. इंग्रज मुलाचे नेमके उलट होते.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. बोलताना, संदेशात आणि ओळखीच्या ई-मेलमध्ये फ्रेझल व्हर्ब वापरावे. अहवाल, न्यायालयीन कागद, औपचारिक अर्ज यांत एकशब्दी क्रियापद अधिक शोभते. मात्र बोलताना एखादे फ्रेझल व्हर्ब आठवले नाही, तर 'पोस्टपोन' म्हणण्यात कमीपणा नाही. चुकीच्या अव्ययापेक्षा बरोबर पुस्तकी शब्द केव्हाही चांगला.

लिहिताना आणखी एक जपावे. मराठीने 'फॉलो-अप घेतला', 'बॅकअप घे', 'लॉगिन कर', 'ब्रेकअप झाले' अशी इंग्रजी जोडपदे नाम म्हणून उचलली आणि पुढे आपली 'कर', 'घे', 'हो' ही क्रियापदे जोडली. इंग्रजीतही ही नामे एका शब्दात किंवा जोडरेघ देऊन लिहितात आणि जोर पहिल्या भागावर देतात. क्रियापद म्हणून वापरताना मात्र दोन शब्द सुटे लिहावे लागतात. 'युअर लॉगिन' एक शब्द. 'प्लीज लॉग इन' दोन शब्द.

अभ्यास कसा करावा

फ्रेझल व्हर्बची शेकडोंची यादी पाठ करण्याचा प्रयत्न बहुधा आठवडाभर टिकतो. त्याऐवजी पुढील क्रम उपयोगी पडतो.

- रोज दोनच क्रियापदे घ्यावीत आणि ती वाक्यासह वहीत लिहावीत. 'पुट ऑफ = पुढे ढकलणे' एवढी नोंद पुरेशी नाही; 'दे पुट इट ऑफ' असे सर्वनामासह वाक्य लिहावे. जागा आपोआप पाठ होते.
- अर्थ लिहिताना एकाच मराठी शब्दाचा हट्ट धरू नये. 'ईट अप' साठी 'खाऊन टाकणे' असे मराठीतले संयुक्त क्रियापद शोधावे.
- शब्दकोशात मुख्य क्रियापदाच्या नोंदीखाली फ्रेझल व्हर्बची वेगळी यादी असते. विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशांत कर्म मध्ये येते की नंतर, हेही खुणेने दाखवलेले असते. ती खूण पाहण्याची सवय लावावी.
- बातम्या आणि मालिका ऐकताना क्रियापदानंतर येणाऱ्या छोट्या शब्दाकडे कान द्यावा. डोळ्याला तो किरकोळ दिसतो. कानाला त्याचा जोर जाणवतो.
- ई-मेल पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : सर्वनाम मध्ये आहे काय, पोटवाक्यात प्रश्नाचा क्रम तर शिरलेला नाही ना, आणि स्थळानंतर काळ आलेला आहे काय.

मराठी माध्यमात शिकल्याचा न्यूनगंड या वाटेवर सर्वांत जड ओझे ठरतो. वास्तविक 'करून टाक' आणि 'करून ठेव' यांतील फरक जो विचार न करता जाणतो, त्याच्यापाशी 'टर्न ऑफ' आणि 'टर्न डाउन' यांतील फरक समजण्याची शक्ती आधीपासूनच असते. मुलाखतीचा निरोप 'पुट ऑफ' म्हणत असेल, तर कपडे इस्त्री करून ठेवावेत आणि सुटलेला सराव भरून काढावा. त्याला इंग्रजीत 'कॅच अप' म्हणतात.